इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास आणि कामगाराचे घर

भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या कारखान्यांत पॉलिशच्या चाकापुढे उभे राहणाऱ्यांची मुले आता बारावी होऊन कॉलेजात जाऊ लागली आहेत. युनियनच्या कचेरीत पूर्वी बोनसची चौकशी होई. आता तिच्या जोडीला ‘मुलगी इंग्रजी वाङ्मय घेऊन बी.ए. करीन म्हणते, करू द्यावे काय?’ अशीही पृच्छा होते. विचारणाऱ्याच्या मनात दोन शंका असतात: ही विद्या आपल्यासारख्यांची आहे काय, आणि तिने पोट भरेल काय? आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. म्हणूनच या प्रश्नाची फोड करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. 1862 साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते. ऑक्सफर्डला इंग्रजी वाङ्मय हा पदवीचा स्वतंत्र विषय 1894 साली झाला, केंब्रिजला 1917 साली. म्हणजे साहेबाच्या जुन्या विद्यापीठांत या विषयाला आसन मिळण्यापूर्वीच आमची मुले इंग्रज कवी परीक्षेसाठी घोकीत होती! राज्यकर्त्यांचा हेतू परोपकाराचा खचितच नव्हता. आवडीनिवडीने इंग्रज असा एक मध्यस्थ वर्ग घडवावा, ही इच्छा मेकॉलेने 1835 सालीच बोलून दाखविली होती. पण हत्यार एकदा कामगाराच्या हाती गेले की ते कशावर चालवायचे हे मालक ठरवू शकत नाही. त्याच रानड्यांनी पुढे विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे म्हणून खटपट केली. विंदा करंदीकरांनी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकविले आणि शेक्सपिअरचा ‘लिअर’ मराठीत आणला. ‘कोसला’कार नेमाडेही इंग्रजीचेच प्राध्यापक. तेव्हा इंग्रजी वाङ्मय शिकणारा मराठीला मुकतो, हे म्हणणे टिकत नाही.

आता या अभ्यासात करतात काय? गोष्टी वाचतात, एवढाच लोकांचा समज. खरे पाहता तेथे शब्द तपासतात. कवीने हाच शब्द का घातला, नाटकातला राजा बोलतो एक आणि त्याच्या मनात दुसरेच कसे असते, कादंबरी सांगणाऱ्यावर विश्वास किती ठेवावा, हे ओळीवर बोट ठेवून सिद्ध करावे लागते. ज्याने इंग्रजी करारनामा वाचला आहे त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. ‘मालक कँटीन देईल’ या कलमात ‘शॅल’ आहे की ‘मे’ आहे, यावर शंभर माणसांचे जेवण अवलंबून असते. ‘मे’ असले तर कँटीन देणे मालकाच्या मर्जीवर राहिले. आमच्या पिढीला हा फरक ठेच लागून कळला. मुलीला तो वर्गात बसून कळणार असेल तर वाईट काय?

दुसरा भाग लेखन शिकविण्याचा. प्रतिभा शिकविता येते काय, असे विचारून लोक हसतात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 1936 साली यासाठी लेखकांची कार्यशाळा काढली. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने 1970 साली असा एम.ए.चा अभ्यासक्रम सुरू केला. इयन मॅकइवन हा त्याचा पहिला विद्यार्थी. आपले दिलीप चित्रे आयोवाच्याच आंतरराष्ट्रीय लेखक-उपक्रमात 1975 साली गेले होते. कार्यशाळेची रीत साधी आहे. एकाने आपले लिखाण आणायचे, बाकीच्यांनी ते आधी वाचून यायचे, आणि चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे. हे गप्प बसणेच अवघड! नवा पोऱ्या चाकावर भांडे धरतो आणि उस्ताद नुसता ‘पुन्हा’ म्हणतो, तशातला हा प्रकार. चकाकी भांड्याच्या पत्र्यातच असते. पण ‘पुन्हा’ म्हणणारे कोणी नसेल तर ती बाहेर येत नाही. अर्थात विद्यापीठाविना लेखक होत नाही असे मात्र नाही. गिरणीत राबलेल्या नारायण सुर्व्यांनी 1966 साली आपल्या संग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले, ते कोणत्या विद्यापीठाविषयी होते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुर्व्यांचे उदाहरण पुढे करून कामगाराच्या मुलीला कॉलेज नाकारणे हा त्यांचा गौरव नव्हे.

पोटाचे म्हणाल तर खोटी आशा आम्ही दाखविणार नाही. प्राध्यापक व्हायचे तर एम.ए. आणि त्यावर नेट किंवा सेट हवी. तेवढे करूनही अनेकांना तासिका तत्त्वावर राबावे लागते, आणि तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक हा आमच्या ठेका कामगाराचा सख्खा भाऊ. भाषांतर, वृत्तपत्र, शाळा, पुढे वकिली, या वाटा मात्र खुल्या आहेत. घरात दुसरी कमाई नसेल तर नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने पदवी घ्यावी. मुंबई विद्यापीठात ती सोय 1971 पासून आहे.

बी.ए.साठी बारावी कला शाखेचीच हवी असे नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले वर्ष जड जाते. त्यांनी विंदांचा ‘राजा लिअर’ आधी मराठीत वाचावा, मग शेक्सपिअरचा उघडावा. भाईंदरहून सांताक्रूझपर्यंतच्या लोकलमध्ये, बसायला जागा मिळाली तर, एक प्रवेश सहज होतो. न मिळाली तर अर्धा.