वाऱ्याच्या भरवशावर किती राहायचे?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. भाईंदरमधील आमच्या घरात आईचे प्राणवायूचे यंत्र बंद पडले. सिलिंडर होता म्हणून निभावले. मुख्य जाळ्यापासून तुटल्यावर शहराने स्वतःच्या वीजनिर्मितीवर तग धरावा, अशी मुंबईची 'आयलँडिंग' व्यवस्था आहे. त्या दिवशी ती अपयशी ठरली. तेव्हापासून मी एका प्रश्नाच्या मागे आहे : छोटे वीजजाळे स्वतःच्या पायावर उभे राहते कसे? आणि त्यात पवनचक्की असेल तर?

आमच्या उत्तनच्या किनाऱ्यावर असे जाळे आहे, असे समजू. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वारा सेकंदाला ८ मीटरवरून ६ वर आला, तर ६० किलोवॅट देणारी पवनचक्की २५ वर येते. वेग पावपटीने घटला, वीज निम्म्याहून अधिक गेली!

दिवसा मागणी १०० किलोवॅट असेल, तर उरलेले ४० डिझेल जनित्र देईल. वारा पडला की तेच ७५ वर जाईल. खरी अडचण रात्रीची. मागणी उतरून ५० झाली, वारा मात्र तोच. १०० किलोवॅटचे जनित्र साधारण ३० च्या खाली दीर्घकाळ चालवू नये. मग पवनचक्कीला वाव उरतो फक्त २० चा. बाकीचा वारा वाया!

जनित्र बंद ठेवले, तर वारा पडताच २५ किलोवॅटची तूट बॅटरीने तत्क्षणी भरली पाहिजे. अर्धा तास निभवायचे, तर साडेबारा युनिट कायम शिल्लक हवीत. म्हणजे बॅटरी कधीच पूर्ण रिकामी करायची नाही. तळाचा साठा वाऱ्याच्या लहरीसाठी राखायचा.

म्हणून नियोजन आदल्या दिवशीच करतात. आपल्या देशात दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडून वीज आखली जाते. प्रत्येक भागासाठी वाऱ्याच्या अंदाजासोबत 'अंदाज चुकला तर?' याचेही उत्तर लिहून ठेवावे लागते.

त्या उत्तरात शेवटची ओळ यंत्रांची नसते, माणसांची असते : तूट आली तर आधी कोणाची वीज तोडायची? बर्फाचा कारखाना अर्धा तास थांबू शकतो. पाण्याचा पंपही थांबेल. आईचे यंत्र थांबू शकत नाही. ही यादी उजेडात बसूनच करायची असते.