गिरिभ्रमण आणि कॅमेऱ्याचें ओझें

अलीकडे पुष्कळ घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी सुटीच्या दिवशीं कॅमेरा घेऊन सह्याद्रीच्या वाटेस लागते. हा छंद स्तुत्य होय. परंतु हें ओझें वाहावें कसें, याचा विचार क्वचितच होतो. आणि त्यावर केवळ सुखच नव्हे, तर प्रसंगीं जीवितही अवलंबून असतें.

नाशिक जिल्ह्यांतील हरिहर गडाचेंच उदाहरण घ्या. त्याचा कातळांत खोदलेला जिना अत्यंत उभा असून हात रोवण्यासाठीं पायऱ्यांना खोबण्या केल्या आहेत. येथें दोन्ही हात मोकळे हवेत, असें जणूं तो खोदणाऱ्यांनींच सांगून ठेविलें आहे. अशा जागीं गळ्यांतला कॅमेरा मनुष्य वाकतांच लंबकासारखा हेलकावतो, कातळावर आपटतो, आणि त्याला सांवरावयास नकळत हात सुटतो. फुटलेलें भिंग पुन्हां विकत मिळेल. सुटलेल्या हाताची भरपाई कोठली? म्हणून अवघड चढणीवर कॅमेरा पाठपिशवींत बंद असावा. सोप्या वाटेवर तो पिशवीच्या खांदापट्ट्यास घट्ट चापानें अडकवावा, म्हणजे छातीशीं स्थिर राहतो व चटकन् हातींही येतो.

एका खांद्यावर दप्तर टाकून त्या बाजूस झुकलेलीं मुलें आम्हीं शाळेंत जन्मभर पाहिलीं. एकाच खांद्यावरील कॅमेऱ्याची पिशवीही तेंच करते. कॅमेरा व भिंग मिळून सहज १ ते १॥ किलो भरतें. ३ लिटर पाण्याचे ३ किलो वेगळेच. यावरील उपाय आपल्या ‘कंबर कसणें’ या शब्दप्रयोगांतच आहे. पाठपिशवीचा कंबरपट्टा पोटावर न बांधतां कमरेच्या हाडांवर आधीं आवळावा, मग खांदापट्टे ओढावे. असें केल्यानें बराचसा भार कमरेवरून पायांत उतरतो. जड वस्तु पाठीलगत ठेवाव्या; त्या जितक्या मागें लोंबतील, तितका तोल मागें जातो. तिपाई पिशवीच्या बाजूस उभी, वर व खालीं अशी दोन ठिकाणीं बांधावी. आडवी बांधल्यास ती अरुंद जिन्यांत अडकते.

भिंग शक्यतों एकच न्यावें. दुसऱ्या भिंगासाठीं पाणी किंवा शिदोरी कमी करणें हा शुद्ध अविचार होय. पावसाळ्यांत पिशवीच्या बाह्य आवरणावर विसंबूं नये. पाठीकडून पाणी आंत शिरतेंच. कॅमेरा आंतही जाड प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळावा.

निघण्याच्या आदल्या दिवशीं भरलेली पिशवी पाठीस लावून घरचाच जिना चढावा, उतरावा, ओणवें व्हावें, दोन्ही हात वर करून पाहावे. कांहीं हललें वा आपटलें, तर तें घरींच नीट करावें. घरांतील वडील मंडळींनीं ही परीक्षा अवश्य घ्यावी. उंबरठ्यांत उभें राहून ‘जाऊं नको’ म्हणण्यापेक्षां तिचा उपयोग पुष्कळच अधिक होईल.