घोटभर पाण्याची परीक्षा

पाण्याचा एक घोट गिळताना काय काय घडतं ते कळलं, की ग्लास हातात घेऊन क्षणभर थांबावंसं वाटतं. जीभ पाणी मागे ढकलते. टाळूचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद होते, गळ्याची घाटी वर सरकते, श्वासनलिकेवर झाकण पडतं, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातला हा सारा प्रवास जेमतेम एका सेकंदाचा!

पक्षाघाताच्या झटक्यानं हा ताल बिघडतो. लुळा पडलेला हात सगळ्यांना दिसतो, घसा मात्र दिसत नाही. सुरुवातीच्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. पाणी, लाळ, पातळ वरण चुकीच्या वाटेनं फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. डिस्चार्ज मिळालेले वयस्कर रुग्ण पुन्हा भरती होतात, त्यामागे दर वेळी दुसरा झटकाच असतो असं नाही. न्यूमोनिया हे त्यांतलं नेहमीचं कारण.

कोण परत येईल, हे आधी ओळखता येईल का? कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या संशोधकांनी 2010 साली ‘लेस’ नावाची गुणपद्धत मांडली. रुग्ण किती दिवस दाखल होता, तातडीनं आणावं लागलं का, इतर आजार कोणते, गेल्या सहा महिन्यांत आपत्कालीन विभागात किती फेऱ्या झाल्या, एवढंच विचारायचं. जास्तीत जास्त गुण 19. दहा किंवा त्याहून जास्त गुण झाले की पुढचे 30 दिवस जोखमीचे धरतात. मेंदूचा एकही फोटो न बघता, नुसत्या मागच्या हकिकतीवरून पुढचा अंदाज! पण ही पद्धत सर्वच आजारांसाठी आहे. घशाबद्दल ती काही विचारत नाही, आणि पक्षाघाताच्या वॉर्डात मला तोच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो.

त्याचं उत्तर साध्या पाण्यात सापडतं. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णाला नीट बसवून सुमारे 90 मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला देतात. पिताना किंवा नंतरच्या मिनिटभरात खोकला आला, किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला, तर धोका. आवाज ऐकायचा तो एवढ्यासाठी, की काहींच्या घशाची जाणीवच गेलेली असते. पाणी श्वासनलिकेत उतरतं, तरी ठसका लागत नाही. अशा रुग्णाला घरचे लोक प्रेमानं पाजत राहतात, कारण तो खोकतच नाही! शंका आली तर बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेवर त्याची वाट प्रत्यक्ष पाहता येते.

गिळण्याची अशी प्राथमिक तपासणी सिस्टरही करू शकतात, आणि तिचं वजन केवढं आहे ते ऑस्ट्रेलियात दिसलं. न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिटांत सँडी मिडलटन यांच्या गटानं ताप, साखर आणि गिळणं या तिन्हींवर सिस्टरांकरवी काटेकोर लक्ष ठेवलं. 2011 साली निकाल आला: 90 दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेले रुग्ण नेहमीच्या पद्धतीत 58 टक्के होते, या पद्धतीत 42.

बरेच जण काही आठवड्यांत पुन्हा नीट गिळू लागतात, तेही कसं! गिळण्याची सूत्रं मेंदूच्या दोन्ही बाजूंना असतात, पण एका बाजूचा वाटा मोठा. मँचेस्टरच्या शाहीन हमदी यांच्या गटाला दिसलं, की सुधारलेल्या रुग्णांत शाबूत बाजूचा गिळण्याचा भाग विस्तारतो. इजा झालेली बाजू सावरण्याची वाट न पाहता दुसरी बाजू काम उचलते.

ते होईपर्यंत ताठ बसवून भरवणं, पातळ पदार्थ सांगितल्याइतके दाट करणं आणि दात घासणं हे घरच्यांच्या हातात असतं. दात कशाला? फुप्फुसात उतरणारी लाळ तोंडातले जंतू सोबत नेते म्हणून. जपानमधल्या 11 वृद्ध-शुश्रूषागृहांत दोन वर्षं काही जणांच्या तोंडाची नियमित स्वच्छता राखली गेली. त्यांच्यात न्यूमोनिया 11 टक्क्यांना झाला, बाकीच्यांत 19 टक्क्यांना.