मोरपंखीची पहिली पानं

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं होतं, "सोसायटीतल्या मोरपंखीचं बी कुंडीत लावलं, पण उगवलं ते भलतंच. नुसत्या दोन चपट्या सुया. तण समजून उपटू का?" नका उपटू! ती मोरपंखीच आहे.

येऊरच्या जंगलात किंवा मलंगगडाच्या उतारावर सूचिपर्णी झाडं मुळात नाहीतच. ठाणे-कल्याणला दिसतात ती लावलेली, तीही नर्सरीतून वाढून आलेली. त्यामुळे त्यांचं बाळपण आपल्या पाहण्यात येत नाही. शाळेत 'विद्येचं पान' म्हणून वहीत ठेवायचो, ती खवल्याखवल्यांची चपटी डहाळी म्हणजे मोठ्या झाडाचं रूप. रोपाला आधी दोन बीजपत्रं येतात, मग सुईसारखी सुटी पानं, आणि खवले त्यानंतर.

हिमालयातल्या चीडचं आणखी गमतीचं. त्याला बीजपत्रंच दहा-बारा, छत्रीच्या काड्यांसारखी गोलाकार पसरलेली. त्यांच्यावर एकेकटी मऊ पानं येतात. तीन-तीन सुयांचा जुडगा ही खरं तर चीडची ओळख, पण तो या पानांच्या बगलेत पुढे कधीतरी फुटतो.

आता टोपीबद्दल. उगवताना बियाचं टरफल बीजपत्रांच्या टोकावर टोपीसारखं वर येतं, आणि ते काढून रोपाला मदत करावी असं आपल्याला वाटतं. वालाचं बिरडं सोलायची सवय ना! पण वालाचा अन्नसाठा त्या जाड डाळिंब्यांमध्येच असतो. सूचिपर्णींत तो बीजपत्रांच्या बाहेर, त्यांच्याभोवतीच्या भागात असतो. टोपीत अडकलेली टोकं तिथलं अन्न शोषत असतात. टोपी ओढणं म्हणजे पोराला भरल्या ताटावरून उठवणं, आणि कधी टोकंही तुटतात. संपलं की टोपी आपोआप गळते. फारच वाळली असेल तर पाण्याचा हलका फवारा पुरे.

आणखी एक. झाकून ठेवलेल्या मटकीचे कोंब पिवळट राहतात, तर चीडसारख्यांची बीजपत्रं अंधारातही हिरवी होतात. हरितद्रव्य बनवायला त्यांना उजेडावाचून चालतं. वाढायला मात्र उजेड हवाच, तेव्हा कुंडी कपाटात ठेवू नका.

ताई, तुमच्या रोपाला खरा धोका तणाचा नाही, आपल्या पावसाचा आहे. माती सतत ओली राहिली की बुरशी लागून कोवळं खोड मातीलगत कुजतं आणि रोप आडवं होतं. वाळू मिसळलेली माती घ्या, कुंडीचं भोक मोकळं ठेवा, आणि जून-जुलैत कुंडी पागोळ्यांखालून हलवा.