हद्द कुणाची?

‘हद्द’ हा परका शब्द मराठीने किती आपलासा केला आहे पाहा! पोर ऐकेनासे झाले की आई म्हणते, ‘हद्द झाली बाई!’ पण तोच शब्द पोलीस ठाण्यातल्या टेबलापलीकडून आला, की ऐकणाऱ्याचे पाय गळतात. ‘ही आमची हद्द नव्हे’ या चार शब्दांनी कित्येक फिर्यादी दारातूनच परत फिरल्या आहेत.

ही हद्द असते तरी कशी? अण्णा हजाऱ्यांमुळे सर्वांच्या ओळखीचे झालेले पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी घ्या. गावपातळीवरचा पहिला दुवा पोलीस पाटील. पूर्वी पाटीलकी वंशपरंपरेने चाले. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने ती नेमणुकीची झाली. गंमत अशी, की ही नेमणूक पोलीस करीत नाहीत, प्रांतसाहेब करतात! त्यावर बीटचा हवालदार, मग ठाणे. काही ठाणी मिळून उपविभाग, तिथे उपअधीक्षक. आणि साऱ्या जिल्ह्यावर अधीक्षक. नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा जिल्हा. एका माणसाची नजर पुरणार किती? म्हणून उत्तरेकडे श्रीरामपूरला एक अपर अधीक्षक बसतात. काही जिल्ह्यांचे मिळून परिक्षेत्र, त्यावर विशेष महानिरीक्षक. आणि सर्वांच्या माथ्यावर मुंबईचे महासंचालक.

आता नकाशा उघडा. राळेगणला पुणे जवळ, नाशिक दूर. तरी नगर जिल्हा नाशिक परिक्षेत्रात. शिरूरला घोड नदी ओलांडली, की पुणे ग्रामीण पोलिसांचा मुलूख लागतो आणि तो कोल्हापूर परिक्षेत्रात! मध्ये एक पूल. पण या तीरावरचा कागद वर चढत नाशिकला जातो, त्या तीरावरचा कोल्हापूरला.

समजा, पुण्याहून नगरला निघालेल्या एसटीत एखाद्या बाईची पोत गेली. घोडेच्या अलीकडे की पलीकडे, हे तिने कसे सांगावे? डुलकी लागली होती बिचारीला!

याचे उत्तर आता कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ते ठाणे शून्य क्रमांकाने नोंद करते आणि कागद योग्य ठाण्याकडे धाडते. खबरीची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते. धावायचे ते कागदाने, माणसाने नव्हे.

हद्दी हव्यातच. कोणत्या गावाची जबाबदारी कुणाची, हे ठरल्याशिवाय जाब विचारायचा कुणाला? पण ती वाटणी पोलिसांनी आपसांत करायची आहे. तिचा हिशेब गांजलेल्या माणसाकडे मागायचा नाही. दिवाळीच्या सुटीत मुलेमुली प्रवासाला निघतील, तेव्हा डब्यातल्या चकलीबरोबर ‘कलम १७३’ हे दोन शब्दही त्यांच्याजवळ बांधून द्या.