शून्य मिलिसेकंद म्हणजे किती?

शनिवारी संध्याकाळी कोपरखैरण्याला आमच्या घरी चार-पाच मुलंमुली जमतात. कुणी डिप्लोमा करून महाप्याला नोकरीला लागलेलं, कुणी बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला. लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि कुठल्यातरी कॉन्फरन्समधला एक टॉक लावायचा. नियम एवढाच, की पडद्यावर उत्तर यायच्या आत व्हिडिओ थांबवायचा आणि ज्याने-त्याने आपलं उत्तर वहीत लिहायचं. दीडपट वेगाने बघायची सवय असलेल्यांना हे फार जड जातं. अर्ध्या तासाचा टॉक मग दोन तास चालतो आणि मध्ये चहा होतो.

सुरुवात बहुतेक वेळा फिलिप रॉबर्ट्सपासून. २०१४ मध्ये बर्लिनला जेएसकॉन्फ ईयूमध्ये त्याने इव्हेंट लूपवर टॉक दिला. जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते, मग टायमर चालू असताना पान गोठत कसं नाही, हा त्याचा प्रश्न. ‘लूप’ (Loupe, म्हणजे भिंग) नावाचं साधन त्याने स्वतः बनवलं होतं. त्यात कोड ओळीओळीने चालताना दिसतो: फंक्शन स्टॅकवर चढतं, टायमर ब्राउझरकडे जातो, वेळ झाली की कॉलबॅक रांगेत येऊन थांबतो आणि स्टॅक रिकामा झाल्यावरच आत घेतला जातो.

“पण ताई, सेटटाइमआउटला शून्य दिलंय. मग लगेच का नाही होत?” हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतंच. शून्य म्हणजे ‘निदान इतका वेळ’. हातातलं काम संपेपर्यंत रांगेतल्याला थांबावंच लागतं, मग ते काम तीन सेकंदांचं का असेना.

इथवर सगळे खूश असतात. मग मी तीन ओळी देते. पहिलीत शून्याचा टायमर, तो ‘अ’ छापणार. दुसरीत आधीच पूर्ण झालेलं प्रॉमिस, त्याचं देन ‘ब’ छापणार. तिसरीत थेट ‘क’. रॉबर्ट्सचं चित्र डोक्यात ठेवून बहुतेक वह्यांत ‘क, अ, ब’ येतं. कन्सोल ‘क, ब, अ’ दाखवतो. चूक रॉबर्ट्सची नाही. प्रॉमिस जावास्क्रिप्टच्या प्रमाण आवृत्तीत २०१५ साली आलं, त्यामुळे त्याच्या चित्रात मायक्रोटास्कची, म्हणजे टायमरच्या आधी रिकामी होणारी प्रॉमिसच्या कॉलबॅकची, वेगळी रांगच नाही.

ती रांग जेक आर्चिबाल्डच्या टॉकमध्ये भेटते, सिंगापूरच्या जेएसकॉन्फ एशियात २०१८ साली दिलेल्या. एका बटणाला दोन लिसनर, प्रत्येकात एक प्रॉमिस. माउसने क्लिक केलं तर पहिला लिसनर, त्याचं प्रॉमिस, मग दुसरा, त्याचं प्रॉमिस. तेच बटण कोडमधून क्लिक केलं की आधी दोन्ही लिसनर आणि मग दोन्ही प्रॉमिसं, कारण क्लिक करणारं फंक्शन अजून स्टॅकवरच बसलेलं असतं आणि मायक्रोटास्कला स्टॅक रिकामा लागतो. हे ऐकून कुणी मान डोलावली तरी मी विश्वास ठेवत नाही. आधी चालवून दाखव.

“ताई, व्हिडिओ कशाला, स्लाइड्स पाठवा ना.” हा हट्ट कॉलेजातून येतो. तिथे पीपीटी म्हणजेच नोट्स, आणि त्यावर पासही होता येतं. चांगल्या टॉकच्या स्लाइड्स मात्र वाचण्यासाठी नसतातच. एकीवर एकच शब्द, दुसरीवर मांजर, तिसरीवर मुद्दाम चुकीचा कोड. तो चुकीचा आहे हे बोलणारा तोंडी सांगतो. पीडीएफमधून तोच कोड उत्तर म्हणून वहीत उतरतो.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू होण्याआधी असे व्हिडिओ मोबाइल डेटावर बघणं परवडायचं नाही, तेव्हा स्लाइड्सचा आग्रह समजण्यासारखा होता. आज नाही.

टॉकची तारीख मात्र मी आधी बघायला लावते. रिअ‍ॅक्टच्या जुन्या टॉकमध्ये कंपोनंटविलमाउंट सर्रास दिसतं. २०१८ च्या १६.३ आवृत्तीपासून त्याला ‘अनसेफ’ हा शब्द जोडलेलं नाव मिळालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या रिअ‍ॅक्ट कॉन्फमध्ये क्लासशिवाय काम भागवणारे हुक्स जाहीर झाले. म्हणून मुलं रिअ‍ॅक्टचं २०१८ च्या आधीचं काही बघायलाच तयार नसतात. पण महाप्याला नोकरी करणारी एक मुलगी मागच्या खेपेला म्हणाली, “आमच्या प्रोजेक्टमध्ये सगळे क्लास कंपोनंटच आहेत ताई, मला जुनंच दाखवा.” मग पीट हंटचा रिअ‍ॅक्टवरचा २०१३ चा टॉक लावला. बाकीच्यांनी कुरकुर केली.