कोकणीची कोरियन होते तेव्हा

संगणकावर मराठी निवडली की एक लाख हा आकडा १,००,००० असा दिसतो. अमेरिकी इंग्रजीत तोच १००,००० होतो. तारीख, स्वल्पविराम, वर्णक्रम अशा संकेतांच्या संचाला ‘लोकेल’ म्हणतात.

घोळ असतो तो त्याच्या नावात. लिनक्सवर मराठीचं नाव ‘एमआर’, अंडरस्कोर, ‘आयएन’ आणि बहुधा पुढे टिंब देऊन ‘यूटीएफ-८’. विंडोजमध्ये अंडरस्कोरऐवजी छोटी आडवी रेघ, आणि शेपूट नाही. व्हिस्टाच्या आधी तर विंडोज लोकेल ओळखायची ती क्रमांकानं. मराठीचा क्रमांक ११०२. सर्बियन दोन लिप्यांत लिहिली जाते. त्यातली लॅटिन लिपी विंडोज नावाच्या मध्ये नोंदवते, लिनक्स शेवटी ‘अ‍ॅट’चं चिन्ह लावून.

अशा नावाची पहिली दोन अक्षरं म्हणजे भाषा, असं धरून लिहिलेला कोड मराठीला चालतो, पण गोव्याच्या कोकणीपाशी अडखळतो. तिला दोन अक्षरी संकेतच नाही. तिच्या ‘केओके’ या तीन अक्षरी संकेतातलं शेवटचं अक्षर गळलं की उरतं ‘केओ’, म्हणजे कोरियन!

संकेत बदलतातही. हिब्रूचा जुना ‘आयडब्ल्यू’ जाऊन ‘एचई’ आला, तरी जावा २०२१च्या १७व्या आवृत्तीपर्यंत जुनाच वापरत होती.

म्हणून जाणते प्रोग्रामर कोडच्या आत ‘बीसीपी ४७’ हे अशा नावांचं एकच प्रमाण ठेवतात आणि ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलतानाच नाव बदलतात. ही कटकट ‘आयसीयू’ या मुक्त लायब्ररीवरही सोपवता येते.